विसरून गेलेल्या शिव्यांची चौकशी खिडकी

फोनवर बोलायच्या आधी त्यात फुंकर मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फुंकरही एकदा नाही, दोनदा. फू, फू. मग बोटाने टकटक. मग घसा खाकरणं. तोवर पलीकडचा बिचारा हॅलो हॅलो करून दमलेला असायचा. आणि मग इकडून खणखणीत आवाजात, "कृपया लक्ष द्या!" पुढे काय, तर "मी दहा मिनिटांत घरी पोचत आहे, भात टाकण्यात यावा." हा फोन बायकोला असायचा.

ते नांदेडच्या बसस्टँडवरून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारे. सगळी नोकरी त्या खोलीत गेली. आम्ही त्यांना कंट्रोलर काका म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला महिनाभर माहीत नव्हतं, आणि माझं त्यांना शेवटपर्यंत माहीत झालं नाही.

कारण ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी लातूरची, म्हणून मी 'लातूर'. आमच्या कबड्डी संघाची कप्तान 'देवणी'. डावा कोपरा सांभाळणारी 'देगलूर'. चहावाला 'भोकर'. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, मला आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलंय." तर म्हणाले, "ठिवलं असंल की. पर तुला कुठं उतरायचं ते त्या नावावरून कळते का?"

मी मुकाट 'लातूर' झाले.

मी पुण्यात सोशल मीडियाचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते, आणि त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. नांदेडच्या एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याने हौसेने मुलींचा कबड्डी संघ काढला होता. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या संघांची स्पर्धा होती, आणि आमच्या संघाचं पेज सांभाळायला त्यांनी मला ठेवलं. "लोकांचं मन जोडायचं बघा," एवढीच त्यांची सूचना होती. मी जोरात कामाला लागले. मुलींना कलत्या उन्हात उभं केलं, केस उडावेत म्हणून बाजूने पंखा लावला, रील काढले, खाली इंग्रजीत जळजळीत वाक्यं टाकली. लाइक आले अकरा. त्यातला एक माझ्या आईचा होता आणि तो चुकून बोट लागून गेला, हे तिनेच मला फोन करून सांगितलं.

काका त्याच मैदानावर सामन्यांचं निवेदन करायचे, तेही फुकट. "घरी बसून बसून तोंडाला बुरशी येऊन राहिली, लातूर," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. खुर्चीच्या पाठीला पिशवी, पिशवीत टोस्ट, मनगटावर घड्याळ. घड्याळाकडे ते दर दोन मिनिटांनी बघत, जणू आता कुठूनतरी काहीतरी सुटणारच आहे.

मला चुलतबहिणीच्या लग्नाला दोन दिवस जावं लागलं, तेव्हा मी पेज त्यांच्या हवाली केलं. तेवढीच माझी चूक. परत आले तर पेजवर माझे रील खाली कुठेतरी ढकललेले आणि वर पांढऱ्यावर काळ्या अक्षरात एक सूचना. सोबत त्यांच्या आवाजात तीच सूचना, आधी मराठीत, मग हिंदीत, मग ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांच्यासाठी पुन्हा मराठीत.

"फू, फू. कृपया लक्ष द्या. आज सायंकाळी सहा वाजता आपल्या मुलींचा सामना आहे. सामना साडेसातला संपेल. मुखेडची शेवटची गाडी साडेआठला, भोकरची पावणेनऊला आहे. कंधारकरांनी पाण्याची बाटली सोबत ठेवावी, मैदानावरचा नळ तांत्रिक कारणामुळे बंद आहे. निवांत बघा."

मी कपाळावर हात मारला. यात ना रंग, ना संगीत, ना एकही जळजळीत वाक्य. मग खालच्या कॉमेंट वाचायला लागले आणि वाचतच बसले. 'साहेब, तुम्ही नांदेड स्टँडवाले का?' 'ह्या आवाजावर मी बारावीच्या परीक्षेला गेलो.' 'बायको बघायला निघालो होतो तेव्हा तुम्हीच गाडी सांगितली होती, आता दोन लेकरं आहेत.' 'काका, जिवंत आहात, लई बरं वाटलं.' काकांनी एकेकाला उत्तर दिलं होतं. आधी गाव विचारायचं, मग त्या गावच्या गाडीची खबरबात घ्यायची. 'भोकर? तुमची सकाळची अजून लेटच असते का?' त्या संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसायला जागा उरली नाही. मुखेडहून आलेले लोक मुखेडच्या गाडीची काळजी न करता ओरडत होते.

मला राग आला, हे कबूल करते. सहा महिन्यांची फी भरली होती मी.

"पोस्ट म्हंजे काय?" काका टोस्ट चहात बुडवत म्हणाले. "घोषणाच की. ऐकणाऱ्याला वाटाया पाहिजे, हा मह्या गाडीचं बोलून राहिला. तू बोलून राहिली साऱ्या दुनियेला. दुनिया कोणत्या फलाटावर उभी हाय?"

जिंकल्यावर पोस्ट टाकायची त्यांना अजिबात घाई नसे. हरल्यावर मात्र मुली मैदानाबाहेर यायच्या आत सूचना लागलेली असायची. मला हे उलटं वाटायचं. ते म्हणाले, "आलेली गाडी साऱ्यांला दिसते, लातूर. न आलेलीचं सांगाया लागते. आन् गाडी रद्द झाली तं खिडकी लावून घ्यायची न्हाई. तवाच तं खिडकीत बसायचं असते." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की मी पुढे तोंडातल्या तोंडात त्यांच्याबरोबर म्हणायला लागले.

खरेपणाचं तर त्यांना व्यसन होतं. एकदा कप्तानचा गुडघा सुजला. मी लिहिणार होते की ती विश्रांती घेत आहे. काकांनी जाहीर केलं, "देवणीच्या गुडघ्याला सूज आहे. आज त्या उतरणार नाहीत. मात्र सकाळी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या असून काळजीचे कारण नाही." दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या कंडक्टरांच्या हाती सुजेवर बांधायला निर्गुडीचा पाला यायला लागला. पिशव्यांतून, टोपलीतून, एक तर अख्खं गोणपाट. चार गुडघे असते तरी पुरून उरला असता. देवणीची आई म्हणाली, घरात बकरी असती तर बरं झालं असतं.

आता 'इस्लापूर'बद्दल सांगायला हवं. सात नंबरची मुलगी, आमची चढाईची खेळाडू. इस्लापूरच्या पुढे जंगलात तिचं गाव. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकली, कबड्डीही तिथेच शिकली. बाप रोजाने कामाला जाणारा. त्याच्याकडे बटणाचा फोन, तोही गावाबाहेरच्या टेकाडावर चढला तरच लागणारा. पोरगी बोलायला कमी आणि पळायला अशी की पकडणारीच्या हातात नुसती हवा यायची. काकांची ती फार लाडकी. "इस्लापूर टायमात सुटते आन् टायमात येते," म्हणायचे.

उपांत्य सामना लातूरला होता. काकांनी चार दिवस आधीपासून सूचना लावून धरली होती, की इस्लापूरकरांनी आपली मुलगी बघायला यावं. आणि ते आले. दोन जीप भरून आले, ढोल घेऊन आले. शेवटची चढाई आमची, गुण बरोबरीत. इस्लापूर आत गेली, कोपऱ्यातल्या मुलीला बोट लावलं, वळली आणि सुटली. मध्यरेषा एक पाऊल राहिली होती. तेवढ्यात त्या दोन जीपमधल्या माणसांनी एका दमात आरोळी ठोकली, "इस्लापूऽऽर!" आणि काकांच्या त्या हाकेची सवय झालेल्या पोरीने मान वळवून बघितलं.

बस. मागून कुणीतरी घोटा धरला. आम्ही हरलो.

काकांनी ठरल्याप्रमाणे लगेच सूचना लावली. "आपण एका गुणाने हरलो. चूक झाली, मुद्दाम केलेली नाही." पण त्या दिवशी खाली जे उतरलं ते मला आजही आठवायला नको वाटतं. पैसे खाल्ले म्हणाले. चुलीपुढे बस म्हणाले. आईवरून, बापावरून, जंगलावरून. ज्यांनी चार दिवसांपूर्वी पाला पाठवला होता, त्यांच्यातलेही होते. संघाच्या मालकांचा फोन आला, "कॉमेंट बंद करा." मी बंद करायला बोट उचललं आणि काकांनी फोनच काढून घेतला.

"गाडी रद्द झालेली हाय," ते म्हणाले. "खिडकी कामून लावून राहिली?"

"काका, ती मुलगी वाचतेय हे सगळं!" मी ओरडले. त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले मी. "तुम्हीच बोलावली ती माणसं. तुमच्याच हाकेला तिने मान वळवली!"

काकांनी टोस्ट पिशवीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्लापूर फोन घेऊन आमच्याकडे आली. शेजाऱ्याच्या फोनवरून तिच्या बापाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. गावात कुणीतरी त्याला सगळं वाचून दाखवलं होतं. तिने आम्हाला ऐकवलं. "बास झालं. लई झाली इज्जत. सामान भर. रविवारी नेयाला येतो." तेवढंच होतं. रविवारी नांदेडला तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली. "भरले सामान." आणि तिची ती गच्च बांधलेली बॅग मी बघितली आणि मला रडू आलं. तिला नाही आलं.

काका अर्धा दिवस एकेक कॉमेंट वाचून कागदावर उतरवत बसले, टोस्टलाही हात लावला नाही. आम्हाला वाटलं आता डॉक्टर बोलवावा लागतोय. मग संध्याकाळी बरोबर सहाच्या ठोक्याला त्यांनी फोन समोर धरला, पेजवर लाइव्ह सुरू केलं आणि फुंकर मारली.

"कृपया लक्ष द्या. काल सायंकाळी मुखेडचे एक प्रवासी आपली एक शिवी आमच्या पेजवर विसरून गेले आहेत. शिवी आईवरची असून चांगल्या स्थितीत आहे. सदर प्रवाशांनी रविवारी दुपारी नांदेडच्या मैदानावर चौकशी खिडकीशी यावे आणि ओळख पटवून आपली वस्तू घेऊन जावी.

"कंधारचे एक प्रवासी 'चुलीपुढे बस' हा सल्ला विसरले आहेत. सल्ला बराच वापरलेला दिसतो. घरी गरज पडेल, घेऊन जावा.

"अहमदपूरच्या प्रवाशांच्या एकूण तीन शिव्या आहेत. त्यातल्या दोन एकसारख्या आहेत. अदलाबदल होऊ नये म्हणून आपापली नीट बघून न्यावी.

"इतर प्रवाशांना सूचना, की बेवारस शिवीला हात लावू नये, ती पुढे पाठवू नये. धन्यवाद."

मग हेच सगळं हिंदीत. मग पुन्हा मराठीत.

नाव एकाचंही घेतलं नाही, फक्त गाव. आणि त्यानेच सगळा घोळ झाला. मुखेडमध्ये कोण, यावर मुखेडात चौकशी बसली. रात्र व्हायच्या आत मुखेडहून तिघांनी माफी मागितली, आणि शिवी तर एकच होती! कंधारहून एका बाईने विचारलं, 'सल्ला देणाऱ्याच्या पायात निळी चप्पल होती का? असेल तर तो आमच्याच घरचा, मी घेऊन येते.' देगलूरकर अभिमानाने लिहायला लागले की आमचं काहीच राहिलेलं नाही, खात्री करून घ्या. काकांनी खात्री करून त्यांना उत्तर दिलं, 'एक आहे, पण तेलुगूत आहे.' मी हसून हसून जमिनीवर बसले. मालकांचा फोन येतच होता, मी तो उलटा करून ठेवला.

पण मनात धास्ती होतीच. फोनवर हसणं वेगळं. रविवारी कोण येणार होतं?

रविवारी काकांनी मैदानाच्या फाटकाशी खरोखरच टेबल मांडलं. पुठ्ठा कापून 'चौकशी' अशी पाटी केली होती. समोर घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीत एक शिवी, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. "इस्लापूर, इकडं बस," ते म्हणाले. "मला बारीक दिसत न्हाई, चिठ्ठ्या तू दे." त्यांना अख्ख्या मैदानापलीकडचा गुणांचा फळा वाचता यायचा. ती आली, बॅग पायाशी ठेवून बसली. बारा वाजले. साडेबारा. काका घड्याळ बघत होते. मी फाटकाकडे बघत होते.

मग तोंडाला रुमाल बांधलेला एक धिप्पाड माणूस आला.

"कुठलं?" काका.

"मुखेड."

"वस्तूची ओळख सांगा. सुरुवात कशी होती?"

तो माणूस इस्लापूरकडे बघत राहिला. एवढीशी, सडपातळ, वेणी घातलेली पोरगी, हातात चिठ्ठी. त्याने रुमाल खाली ओढला.

"मह्यानं न्हाई म्हणवत, साहेब."

"लिहिताना म्हणवलं की."

"लिहिताना ताई समोर न्हवती."

काकांनी मान हलवली. इस्लापूरने चिठ्ठी पुढे केली. त्याने ती खिशात घातली, पुन्हा काढली, बारीक बारीक तुकडे केले आणि ते टाकायला जागा सापडेना म्हणून मुठीतच घेऊन उभा राहिला. मी सांगते, 'ताई समोर न्हवती' या एका वाक्यात माझा सहा महिन्यांचा कोर्स होता.

त्याच्या मागे रांग लागली. निळ्या चपलेचा माणूस आला, त्याची बायको त्याच्या मागे उभी. अहमदपूरचे दोघे एकमेकांची चिठ्ठी घेऊन गेले आणि परत येऊन बदलून गेले. लोहा गावची एक म्हातारी आली, तिचं काही राहिलेलं नव्हतं. "नेयाचं न्हाई, ठेवायचं हाय," म्हणाली आणि शेंगदाण्याचे लाडू टेबलावर ठेवून गेली. काकांनी लगेच माइकवर जाहीर केलं, "लोह्याचे लाडू जमा." हळूहळू इस्लापूर गालातल्या गालात हसायला लागली. मग तिने एकाला चिठ्ठी देताना स्वतःच विचारलं, "हीच ना तुमची? नीट बघा."

टेबलावरच्या चिठ्ठ्या संपल्या. रांगेत एकच माणूस उरला होता. हातात रिकामी कापडी पिशवी, डोक्याला टॉवेल. काका माइकची वायर गुंडाळत होते, मान वर न करता म्हणाले, "कुठलं?"

"इस्लापूर."

पोरीच्या हातातला लाडू तसाच राहिला.

"इस्लापूरचं काही न्हाई आपल्याकडं," काका म्हणाले. "इस्लापूरच्या कुणीच काही इसरलं न्हाई."

"तुमच्या पेजवर न्हाई, साहेब. पोरीच्या फोनात हाय. मह्यं बोलणं हाय ते." तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "पोरीला नेयाला म्हणूनच निघालो व्हतो. नांदेडच्या स्टँडवर मह्या बाजूला एक माणूस बसला, तोंडाला रुमाल. म्हणला, शिवी वापस आणाया चाललो. आन् मलाच इचारलं, तुमचं काय राहिलं?" त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग ध्यानात आलं, मह्यंबी राहिलंय. आन् तुमचा आवाज तं ओळखीचा हाय. ह्या आवाजानं सांगितलेली गाडी म्या कधी चुकलो न्हाई."

आयुष्यभर एकाही गाडीला न अडखळलेले काका अडखळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फार हळू आवाजात म्हणाले, "नियमाप्रमाणं ओळख पटवावी लागते."

"मी बाप हाय तिचा."

"इस्लापूर," काका पोरीकडे वळले. "ओळख पटली का?"

तिने जोरजोरात मान हलवली. मग फोन काढला, ते बोलणं शोधलं आणि बापाच्या डोळ्यांसमोर पुसून टाकलं. "गेलं?" बापाने विचारलं. "गेलं," ती म्हणाली आणि त्याच्या टॉवेलात तोंड खुपसून रडली. हरल्यापासून पहिल्यांदा.

काकांनी गुंडाळलेली वायर सोडली. फू, फू.

"कृपया लक्ष द्या. आज दुपारी इस्लापूरला जाणारी आपली सात नंबर रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल..." ते थांबले, पुढचं ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. "...कुणाचीच गैरसोय न्हाई. आज न्हाई. टाळ्या वाजवा!"

एवढ्या आनंदाने रद्द झालेली गाडी नांदेडात कुणी ऐकली नसेल. मुखेडच्या त्या माणसाने मुठीतले तुकडे हवेत उडवले. इस्लापूर बॅग तिथेच टाकून पळत मैदानात गेली.

बाप टेबलापाशी तसाच उभा होता. रिकामी पिशवी घडी करून त्याने काखेत घातली आणि इतकी वर्षं स्टँडवरच्या खिडकीत वाकून विचारायचा तसं वाकून विचारलं, "मंग साहेब, मला वापस गाडी कितीला?"

काकांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेवटची सव्वाआठला," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "निवांत बघा."